शेजारच्या देशातला सशस्त्र गट हाताशी धरताना : श्रीलंका, १९८३ ते १९९०

पाऊलवाट

सुदानच्या बातम्यांवर बोलताना परवा इथे एकाने लिहिलं होतं, की अमिराती तिथल्या आरएसएफ या निमलष्करी गटाला शस्त्रं पुरवत असेल तर त्यात एवढं काय, सगळेच देश हे करतात, आपणही शेजारी एखादा गट हाताशी धरून ठेवायला हवा. (अमिराती हा आरोप नाकारते, तो विषय वेगळा.) ते वाचल्यापासून हा धागा काढायचं मनात होतं. कारण आपण गट हाताशी धरले होते. एक नव्हे, चांगले चार-पाच. पण आपल्याकडे त्याची आठवण श्रीपेरुंबुदूरपासून, म्हणजे राजीव गांधींच्या हत्येपासून, सुरू होते आणि तिथेच संपते. त्याआधी काय घडलं ते फारसं कुणी काढत नाही.

थोडक्यात पार्श्वभूमी. २३ जुलै १९८३ रोजी जाफन्याजवळ लिट्टेने लष्करी गस्तीवर हल्ला करून १३ सैनिक मारले. मग कोलंबोत तामिळांची कत्तल सुरू झाली. मतदारयाद्या हातात घेऊन जमाव तामिळांची घरं शोधत फिरत होते. कोलंबोच्या 'वेलिकडे' तुरुंगात २५ आणि २७ जुलैला मिळून ५३ तामिळ कैदी तुरुंगाच्या भिंतींआडच मारले गेले. मृतांचा सरकारी आकडा चारशेच्या आसपास, तामिळ बाजूने सांगितला जाणारा तीन हजारांपर्यंत. बोटी भरभरून निर्वासित रामेश्वरमला उतरू लागले.

त्याच वर्षी रॉने तामिळ गटांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. डेहराडूनजवळ चक्राता इथे आणि तामिळनाडूतल्या शिबिरांत. आधी टेलो, मग ईपीआरएलएफ, इरॉस, लिट्टे. दिल्लीला स्वतंत्र ईलम, म्हणजे वेगळा तामिळ देश, नको होता, हे लक्षात घ्या. राष्ट्राध्यक्ष जयवर्धने अमेरिकेकडे झुकत होते, इस्रायलचे सल्लागार बोलावत होते, त्यांच्यावर दाब हवा होता. म्हणून गट अनेक ठेवायचे, कुणा एकाला फार मोठं होऊ द्यायचं नाही, आणि वेळ आली की सगळ्यांना वाटाघाटीला बसवायचं. कागदावर हिशेब चोख होता.

पण हे गट आपल्याच माणसांशी कसे वागत होते, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता. तो विचारायला खूप जागा होती. मे १९८२ मध्ये मद्रासच्या पाँडी बाझारमध्ये लिट्टेचा प्रभाकरन आणि प्लोट या दुसऱ्या गटाचा उमा महेश्वरन भरवस्तीत एकमेकांवर गोळ्या झाडत होते. दोघांना अटक झाली, जामीन मिळाला, दोघेही सुटले. म्हणजे प्रशिक्षण सुरू होण्याच्या वर्षभर आधीच आपल्या पोलिसांच्या दप्तरी सगळं होतं. मे १९८५ मध्ये लिट्टेने अनुराधापुरात शिरून बसस्थानकावर आणि बोधिवृक्षाच्या आवारात १४० हून अधिक सामान्य माणसं मारली. मदत थांबली नाही.

१९८६ च्या एप्रिलअखेरीस लिट्टेने जाफन्यात टेलोवर हल्ला चढवला. टेलो हा रॉचा सर्वात लाडका गट. काही दिवसांत त्याची शेकडो पोरं मारली गेली, काहींना तर लोकांच्या देखत चौकात जाळलं. टेलोचा प्रमुख श्री सबारत्नम ६ मेला मारला गेला. मारणारे आणि मरणारे, दोघांनाही आपणच शिकवलेलं. ही पोरं तामिळ होती, तामिळांच्या हक्कासाठी घरदार सोडून आली होती.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. २९ जुलै १९८७ चा भारत-श्रीलंका करार, तिथे गेलेली भारतीय शांतिसेना, ऑक्टोबरमध्ये लिट्टेशी युद्ध, सुमारे १,२०० भारतीय जवान गेले. मला ज्यावर बोलायचं आहे ते त्याच्याही नंतरचं आहे. लिट्टे हाताबाहेर गेल्यावर आपण काय केलं? दुसरा गट धरला. ईपीआरएलएफचे वरदराज पेरुमाळ डिसेंबर १९८८ मध्ये ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री झाले. शांतिसेना परत जाणार हे दिसू लागलं, तेव्हा १९८९ मध्ये पेरुमाळ यांच्या सरकारच्या रक्षणासाठी 'तामिळ नॅशनल आर्मी' उभी करायचं ठरलं. भरती कशी झाली? रस्त्यावरून, बसमधून, शिकवणीला निघालेली पोरं उचलून. पंधरा-सोळा वर्षांची मुलं. आया लष्करी ठाण्यांसमोर उभ्या राहून रडत होत्या, मुलगा परत मागत होत्या. जेमतेम काही आठवडे शिकवून त्यांच्या हाती रायफली दिल्या. आपलं सैन्य एकेक जिल्हा सोडू लागलं तशी लिट्टेने या मुलांची कत्तल केली. पेरुमाळ आणि इतर नेते भारतात आले. मुलांना आणायला कुणी गेलं नाही.

गट आपल्यावर उलटेल का, एवढीच काळजी दिल्लीने केली. तो गट ज्यांच्या नावाने लढतो त्यांचं काय करेल, हे पाहिलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं उत्तर होतं.

रघुवीर_मिरज

लेख तळमळीने लिहिला आहे. पण १९८३ च्या ऑगस्टमध्ये स्वतःला दिल्लीत बसवून बघा. समुद्रापलीकडे आपल्याच भाषाबांधवांना जाळतायत म्हणून तामिळनाडू पेटलेला. तिथले मुख्यमंत्री एमजीआर स्वतः लिट्टेला पैसे देत होते, केंद्राने हात आखडला असता तरी ते थांबले नसते. सैन्य पाठवावं तर आक्रमण. गप्प बसावं तर तामिळनाडूत फुटीरतेला नवं बळ, आणि पंजाब आधीच धगधगत होता. अशा वेळी निर्मळ हातांचा गट शोधत बसायला सवड कुणाला होती? युद्धात कुठला गट निर्मळ असतो? मागे वळून पाहताना सगळं सोपं दिसतं.

दुसरं, १९७१. मुक्तिवाहिनीला आपणच शस्त्रं दिली, प्रशिक्षण दिलं, एक देश जन्माला आला. मग तेही चूक म्हणायचं का?

मीना_तंजावरकर

आमचं घर तंजावरचं, घरात अजून जुनी मराठी बोलतो, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. त्या काळाबद्दल पाहिलेलं-ऐकलेलं लिहिते.

तंजावरपासून जवळ ओरथनाडू आहे. तिथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळच्या नावाने बांधलेलं मोठं छत्र आहे. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तिथे जेवण मिळायचं, मुलं शिकायची. त्याच ओरथनाडू भागात ऐंशीच्या दशकात उमा महेश्वरनच्या प्लोटची शिबिरं होती. श्रीलंकेतून आलेली कॉलेजातली पोरं, विटक्या लुंग्या, पायांत काही नाही. लोक त्यांना तांदूळ द्यायचे, जुने कपडे द्यायचे, सणाला घरी बोलवायचे. आपल्या मुलांसारखीच ती.

नंतर कळलं की त्या शिबिरांत नेत्याला प्रश्न विचारणाऱ्यांना हेर ठरवून छळत होते, कित्येकांना मारून तिथेच पुरलं. जीव वाचवून पळालेल्यांनी स्वतः हे सगळं सांगितलं, लिहिलं. तामिळनाडूच्या भूमीवर, जिल्हा पोलिसांच्या हद्दीत हे चालू होतं. श्रीलंकेच्या सैनिकाची एक गोळीही न पाहता मेलेली ती मुलं. घरी आईला वाटत असेल, पोरगा लढतोय.

१९८६ च्या दिवाळीत मद्रासमध्ये चूळैमेडूला ईपीआरएलएफच्या लोकांनी रस्त्यावर गोळीबार केला, त्यात तिथलाच एक तरुण गेला. आरोपींत डग्लस देवानंद होते. जामिनावर सुटले, श्रीलंकेत गेले, पुढे कित्येक वर्षं तिथे मंत्री होते. मंत्री म्हणून दिल्लीलाही येऊन गेले. त्या दिवाळीनंतर आमच्याकडे लोकांचा सूर बदलला. तोपर्यंत 'आमची मुलं' म्हणणारे दार लावून घ्यायला लागले.

निवृत्त_हवालदार

मी शांतिसेनेत होतो. पलटणीचं नाव लिहीत नाही.

रघुवीरसाहेब, तुमचं दिल्लीचं सगळं बरोबर असेल. आम्ही जाफन्याला उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले होते. दोन-सव्वादोन महिन्यांत त्याच गल्ल्यांत लढाई. लिट्टेची पोरं आमच्याच पद्धतीने दबा धरायची, आमच्याच पद्धतीने माघार घ्यायची. कुठे शिकली असतील हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ गेले. आपलं बिनतारी बोलणं समोरच्याला ऐकू जात होतं.

मेजर रामस्वामी परमेश्वरन हे महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईत शीवला. २५ नोव्हेंबर १९८७ ला शोधमोहिमेवरून परतताना घातला गेलेला छापा त्यांनी उलटवला, छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच मारलं. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. मुंबईत किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

पण मला सांगायचं आहे ते ईपीआरएलएफच्या पोरांबद्दल. ती आमच्याबरोबर असायची, वाटाड्या म्हणून, माणसं ओळखायला. गाव घेरायचं, पुरुषांना मैदानात रांगेत बसवायचं, आणि चेहरा झाकलेला एक पोरगा गाडीत बसून बघत राहायचा. एकेक माणूस समोरून जायचा. त्याने मान हलवली की तो माणूस बाजूला. त्यात लिट्टेचा कोण आणि याच्या घराण्याशी वैर असलेला कोण, हे आम्हाला कसं कळणार? भाषा येत नव्हती. बाजूला काढलेल्याची बायको आमच्या पाया पडायची, त्याच्या नाही, कारण वर्दी आमच्या अंगावर होती. त्या पोरांनी मागाहून केलेलं सगळं आमच्या नावावर जमा झालं.

मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला आल्या तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, तिथल्या लोकांच्या कानावर काय काय गेलं असेल.

पाऊलवाट

हवालदारसाहेब, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. मीनाताई, ओरथनाडूबद्दल मी वाचलं होतं, पण लोक त्यांना तांदूळ देत होते हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

रघुवीरजी, १९७१ चा मुद्दा तुम्ही काढलात ते बरंच झालं. मुक्तिवाहिनीच्या पाठीमागे डिसेंबर १९७० ची निवडणूक होती. पूर्व पाकिस्तानातल्या १६९ पैकी १६७ जागा अवामी लीगने जिंकल्या होत्या. १७ एप्रिल १९७१ ला मुजीबनगरला हंगामी सरकारने शपथ घेतली. कर्नल उस्मानी सेनापती, सैन्य त्या सरकारच्या हाताखाली. बंदुकीच्या वर लोकांनी निवडलेलं कुणीतरी होतं. तरीसुद्धा १८ डिसेंबरला, ढाका पडल्यावर दोन दिवसांत, तिथल्या मैदानावर परदेशी छायाचित्रकारांसमोर मुक्तिवाहिनीतल्याच कादर सिद्दिकीच्या माणसांनी बांधलेल्या कैद्यांना संगिनींनी भोसकून मारलं. तिथल्या उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांचे जे हाल झाले ते तर आपण बोलतच नाही.

आणि त्याच १९७१ मध्ये रॉने दुसरी एक वाहिनी वेगळी शिकवली होती, मुजीब वाहिनी. ती हंगामी सरकारचे पंतप्रधान ताजुद्दीन यांच्या हुकमाबाहेर होती, आणि ते त्यांना कायम खुपत राहिलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या मदतीने जी रक्षी वाहिनी उभी राहिली, तिने विरोधकांवर इतके अत्याचार केले की मुजीब यांच्याबद्दलचं लोकांचं प्रेम ओसरायला त्याचाही हातभार लागला. म्हणजे १९७१ मध्येही, गट जितका निवडून आलेल्यांच्या हाताखाली तितका तो धड राहिला, आणि जितका थेट आपल्या हेरखात्याच्या हाताखाली तितका बिघडला.

श्रीलंकेतही निवडून आलेले होतेच. तुल्फ या तामिळ पक्षाचे अमृतलिंगम १९७७ ते १९८३ संसदेत विरोधी पक्षनेते होते. दिल्ली त्यांच्याशी बोलत होती, पण शस्त्रं पोरांकडे जात होती, त्यामुळे त्यांच्यासारख्या वयस्क वकिलांचं जाफन्यात वजन उरेना. १३ जुलै १९८९ रोजी लिट्टेची माणसं बोलणी करायला म्हणून त्यांच्या कोलंबोतल्या घरी आली आणि त्यांना गोळ्या घातल्या.

निर्वासितांना आसरा देणं, जगभर जयवर्धनेंना कोंडीत पकडणं, जी. पार्थसारथींना मध्यस्थीला पाठवणं, हे सगळं आपण केलं आणि योग्यच केलं. प्रशिक्षणामुळे त्याला बळ मिळालं असं म्हणतात. मला उलट दिसतं. गटांना शस्त्रं मिळत राहिल्यावर त्यांना तडजोडीची गरजच उरली नाही.

सुलभा_कोथरूड

आमच्या शेजारी काही वर्षं अफगाण विद्यार्थी राहायचे. पुण्यात ते बरेच असतात. त्यांच्यामुळे मी त्या देशाबद्दल वाचू लागले. ऐंशीच्या दशकात अमेरिकेचा आणि सौदीचा पैसा पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत वाटला जायचा, आणि सर्वात मोठा वाटा गुलबुद्दीन हेकमतियारच्या हिज्ब-ए-इस्लामीला. पेशावरमध्ये विरोधी अफगाण विचारवंतांना मारल्याचे आरोप त्या गटावर तेव्हाच होते. रशियन गेले, १९९२ मध्ये रशियाच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्लाचं सरकार पडलं, आणि हेकमतियारने काबूलवर रॉकेटांचा मारा सुरू केला. त्यात हजारो माणसं मेली. रशियन असताना बऱ्यापैकी शाबूत राहिलेलं काबूल या लढाईत उद्ध्वस्त झालं.

फेब्रुवारी १९९३ मध्ये काबूलच्या अफशार भागात हजारा जमातीच्या लोकांवर हल्ला झाला तो सय्याफ आणि मसूद या मुजाहिदीन नेत्यांच्या फौजांकडून. मसूदचं नाव आपल्याकडे फार आदराने घेतात, पुढे आपणही त्याच्या बाजूने होतो, म्हणून मुद्दाम लिहिते. २००१ नंतर अमेरिकेने पुन्हा याच लोकांना रोख पैसे देऊन बोलावलं. मग त्यांच्यातलेच राज्यपाल झाले, मंत्री झाले, संसदेत गेले, आणि तिथे स्वतःलाच माफी देणारा कायदा करून घेतला. शेजारची मुलगी म्हणायची, माझ्या आईचं घर ज्याने पाडलं त्याला आम्ही टीव्हीवर मंत्री म्हणून बघतो.

अभया

या सगळ्यात एका व्यक्तीचं नाव यायलाच हवं. डॉ. रजनी तिरणगमा. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. सुरुवातीला त्यांनी लिट्टेच्या जखमी पोरांवर उपचार केले होते. नंतर सहकाऱ्यांबरोबर मानवाधिकारांसाठी प्राध्यापकांची संघटना काढली आणि मेलेल्यांची नोंद ठेवायला लागल्या. कुणी मारलं हे न बघता. लिट्टेने मारलेले, श्रीलंकेच्या लष्कराने मारलेले, ईपीआरएलएफने मारलेले, आणि आपल्या लष्कराने मारलेलेही. ऑक्टोबर १९८७ मध्ये ऐन दिवाळीत जाफन्याच्या रुग्णालयात भारतीय सैनिक शिरले, डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठच्या आसपास माणसं गेली. लष्कराने ते चकमकीत मेल्याचं सांगितलं. या प्राध्यापकांनी वाचलेल्यांचे जबाब टिपून ठेवले. घरोघरी जाऊन बायकांशी बोलून लिहिलेलं काम आहे ते.

२१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. वय ३५. मारणारे लिट्टेचेच, असं त्यांच्या सहकाऱ्यांचं ठाम म्हणणं आहे.

आपल्या हेरखात्याला कुठला गट कसा वागतो हे कळायला मार्ग नव्हता, असं कुणी म्हणत असेल तर या बाईंना एका सायकलवर ते कळत होतं.

रघुवीर_मिरज

पाऊलवाट, मुजीबनगर सरकारचा फरक मान्य. ताजुद्दीन आणि मुजीब वाहिनीबद्दल मला इतकं ठाऊक नव्हतं. तरी एक प्रश्न राहतोच. आपण दिली नाहीत तरी शस्त्रं दुसरं कुणीतरी देतंच. १९८९ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनीच लिट्टेला शस्त्रं दिली होती ना, आपल्याविरुद्ध लढायला?

पाऊलवाट

हो, दिली होती. ट्रकच्या ट्रक भरून. शांतिसेना गेली आणि तीन महिन्यांत, जून १९९० मध्ये, लिट्टेने पूर्वेकडची पोलीस ठाणी वेढली. कोलंबोहून शरण जायचा हुकूम आला, आणि शरण आलेल्या सहाशे पोलिसांना मारून टाकण्यात आलं. ऑगस्टमध्ये कट्टनकुडीच्या मशिदींत नमाजाच्या वेळी शंभराहून अधिक माणसं मारली. ऑक्टोबरमध्ये उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हाकलून दिलं, जाफन्यात तर दोन तासांची मुदत देऊन. १ मे १९९३ ला स्वतः प्रेमदासा लिट्टेच्या मानवी बॉम्बने मेले. तेव्हा 'दुसरं कुणीतरी देतंच' हे खरं आहे, पण त्या दुसऱ्याचं काय झालं तेही बघा.

मालदीवचं राहिलंच. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालेवर भाडोत्री सैनिकांनी हल्ला केला आणि आपली विमानं आग्र्याहून छत्रीधारी सैनिक घेऊन गेली, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण ते हल्लेखोर कोण? मीनाताईंनी सांगितलेल्या त्याच प्लोटचे.

प्रसाद_पणजी

वाचतोय, बरंच नवीन कळलं. एक व्यावहारिक शंका. असं पुन्हा होऊ नये म्हणून कायद्यात काही करता येतं का? अमेरिकेत सिनेटर लेही यांच्या नावाने एक कायदा आहे, गंभीर अत्याचार केलेल्या परदेशी तुकडीला मदत देता येत नाही असा. आपल्याकडे तसं काही आहे?

अभया

लेही कायदा नव्वदच्या दशकातला. तो उघड लष्करी मदतीला लागू होतो, हेरखात्याच्या गुप्त मदतीपर्यंत सहसा पोचत नाही, आणि असले गट तर नेमके त्याच वाटेने पोसले जातात. आपल्याकडे तेवढंही नाही. रॉ संसदेने केलेल्या कायद्याने स्थापन झालेली नाही आणि तिच्या कामावर देखरेख ठेवणारी संसदीय समितीही नाही. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी त्यासाठी खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलं नाही.

पाऊलवाट

आपल्या देशात या प्रकरणाची मोठी अधिकृत चौकशी झाली ती जैन आयोगाची, आणि तीही राजीव गांधींच्या हत्येमागचा कट शोधण्यासाठी नेमलेल्या आयोगाची. १९९७ मध्ये तिचा अंतरिम अहवाल फुटला. गटांना प्रशिक्षण कधीपासून दिलं, कुठे दिलं, हे त्यात आलं. त्यावरून द्रमुकचे मंत्री असलेलं गुजराल सरकार पडलं. वाद सगळा कुठल्या पक्षाने लिट्टेला आसरा दिला यावर झाला.

तामिळ नॅशनल आर्मीत उचलून नेलेल्या मुलांबद्दल विचारणं कुठल्याच आयोगाच्या कामात नव्हतं. किती मुलं होती याचा आपल्या सरकारने जाहीर केलेला आकडाही माझ्या पाहण्यात नाही. हवालदारसाहेब, तुम्ही तिथे होता तेव्हा भरतीच्या काही नोंदी, याद्या ठेवल्या जायच्या का?

निवृत्त_हवालदार

आमच्या कंपनीत तरी नाही. रायफली दिल्या त्यांचे नंबर लिहून घेत होते.